आप्पांना लपवायची जागा

हिमालयातल्या एका थोर लामांचं प्रवचन मी समोर बसून ऐकलेलं आहे, ही गोष्ट आमच्या सोसायटीत कशी फुटली कोण जाणे, पण तेव्हापासून माझी पत उगाच वाढली आहे. भजनाला जमणाऱ्या बायका मला ध्यान कसं लावायचं ते विचारतात. मी नुसती हसते. न बोलता हसणाऱ्या बाईबद्दल लोकांचा पटकन गैरसमज होतो, हिला काहीतरी गवसलंय असं त्यांना वाटतं. खरं म्हणजे मी त्या मंडपात धर्म ऐकायला गेलेच नव्हते, मी स्वतःला दाखवायला गेले होते. आणि माय, म्हणजे माझी आई, ती आप्पांना लपवायला गेली होती. बापाला लपवायला हजारो माणसांचा मंडप शोधणारं आमच्यासारखं घर अख्ख्या सुरतेत दुसरं नसेल. लोक बोधगयेला जातात, सारनाथला जातात, आल्यावर फोटो दाखवतात. माझी यात्रा लिंबायत ते कडोदरा एवढीच झाली, अर्धी रिक्षाने, अर्धी बसमध्ये उभ्याने, आणि फोटो एकही नाही. आता पन्नाशी ओलांडली. आप्पा गेले, माय गेली. एकदा सांगून टाकावं म्हणते.

लिंबायतमधली आमची खोली एका खात्याच्या वर होती. मागांच्या कारखान्याला सुरतेत खातं म्हणतात. खाली लूम चालत आणि वर आम्ही राहत असू, त्यामुळे आमच्या घरात कुठलीही वस्तू स्वस्थ बसलेली मी लहानपणी पाहिली नाही. फळीवरचे डबे गुणगुणत. तांब्यातल्या पाण्यावर बारीक बारीक वर्तुळं उठत. माय कळणाची भाकरी थापायला बसली की परातीतलं पीठ आपोआप एका कडेला सरकायचं, आणि ती सवयीने, न बघता, त्याला परत मधे ओढायची. बाहेरगावचा पाहुणा आला की पहिल्या रात्री त्याचा डोळ्याला डोळा लागत नसे. आमचं उलटं होतं. आम्हाला झोप त्या आवाजाने लागायची आणि मोडायची ती शांततेने. वीज गेली, खालची लूम थांबली, की सगळी गल्ली दचकून उठून बसायची आणि घराघरातून एकच वाक्य निघायचं, "लाइट गयी!" मग गडी माणसं बनियनवर ओट्यावर येऊन बसत, बिड्या पेटत, आणि लूम पुन्हा सुरू झाली की सारे निवांत झोपी जात. आता मी राहते त्या फ्लॅटमध्ये इतकी शांतता आहे की मला रात्री टेबलफॅन लावून झोपावं लागतं, डिसेंबरातसुद्धा. आमच्या ह्यांची त्यावरून रोज कुरकुर असते.

आप्पा अमळनेरकडून तरुणपणीच आले होते. आधी लूमवर कारागीर, मग मास्टर, म्हणजे बिघडलेली लूम नीट लावून देणारा माणूस. त्यांचे कान नक्की कधी गेले हे कुणालाच सांगता येत नसे, कारण खात्यात मुळात कानांचं काम पडत नाही. त्या गदारोळात माणसं ओठांनी बोलतात. तोंड मोठं उघडायचं, शब्द सावकाश घडवायचा, आवाज काढायच्या फंदात पडायचं नाही. बारा लूम ओलांडून पलीकडचा माणूस काय म्हणतो ते आप्पा वाचत. तीच बोली घरात आली. मायचं नि आप्पांचं भांडणसुद्धा बिनआवाजाचं असायचं. दोन माणसं समोरासमोर बसून नुसती तोंडं वेडीवाकडी करताहेत, मधूनच माय कपाळावर हात मारते आहे, हे दृश्य पहिल्यांदा पाहणाऱ्याला भीती वाटावी असंच होतं. मी एकुलती एक. बोलायला शिकले ती आधी ओठांनी आणि मग गळ्याने, असं माय सांगायची. बाजारात, दवाखान्यात, रेशनच्या दुकानात आप्पा मला पुढ्यात उभं करत. दुकानदार बोले, मी ओठांनी सांगे, आप्पा मोठ्या आवाजात उत्तर देत. अडचण एकच, मिशांची. ओठांवर मिशी उतरलेला माणूस म्हणजे आप्पांच्या लेखी शटर पाडलेलं दुकान. आणि जमिनीच्या बाबतीत मात्र त्यांना कुणाची गरज लागत नसे. आमच्या खोलीत जेवताना मधेच घास थांबवून ते फरशीवर तळवा टेकवत आणि म्हणत, "कोपरामानी बंद पडनी," की खाली कोपऱ्यातली लूम खरोखरच बंद पडलेली असे. मग उष्ट्या हातानेच जिना उतरत.

लिंबायतमध्ये त्यांना कुणी बहिरा म्हटलेलं मी ऐकलं नाही. तिथे सगळेच थोडेथोडे होते. पण रघुकाकाने, आप्पांच्या धाकट्या भावाने, माझ्यासाठी जे स्थळ आणलं ते लिंबायतचं नव्हतं. मुलाचे वडील आमच्याच खानदेशातले, शहाद्याकडचे. पण त्यांनी खातं कधीच मागे टाकलं होतं, मार्केटात त्यांचं मंडपाच्या कापडाचं दुकान होतं आणि राहायला पर्वत पाटियाला फ्लॅट. मुलगा दुकानातच बसायचा. रघुकाका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात कारकून होता, इस्त्रीचा शर्ट घालायचा आणि मार्केटच्या लोकांत ऊठबस असल्यामुळे स्वतःला आमच्या घराचा परराष्ट्रमंत्री समजायचा. तो मायला म्हणाला, "वहिनी, पोरगी त्यांना आवडेल. पण दादाचं काय करायचं? ते लोक विचारतील, बापाला आहे ते पोरीत उतरलं तर? उद्या नातवंडं बहिरी निघाली तर?" मायने त्याला सांगून पाहिलं की हे दुखणं रक्तातलं नाही, लूममधलं आहे. काका म्हणाला, "मला माहीत आहे. त्यांना कोण समजावणार?"

तोडगा सापडला तो शांताकाकूंमुळे. शांताकाकू आमच्या शेजारीण, यवतमाळकडच्या, घरात बुद्धाची मूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो, आणि गल्लीत कुणाचंही बाळंतपण असलं तरी पहिल्या धावणाऱ्या त्याच. एक दिवस त्या ओट्यावर तांदूळ निवडत सांगत होत्या की मोठे लामा देशभर फिरत निघालेत, कडोदऱ्याला एक दिवस त्यांचं प्रवचन आहे, मंडप तर हा एवढा मोठा. माय सहज म्हणाली, "तिथं काय करतात?" काकू म्हणाल्या, "काही नाही वो वहिनी. नुसतं बसा लागते. ते बोलते, आपण ऐकाचं. मग डोळे मिटून बसाचं. कोणी कोणाशी बोलत नाही, बाप्पा, लहान लेकरूसुद्धा नाही." मायच्या हातातला दाणा हातातच राहिला. जिथे कुणी कुणाशी बोलत नाही! घरी पाहुणे बोलावले तर चहा-पोह्यांबरोबर प्रश्न येणार, प्रश्न आले की आप्पांकडे वळणार. आणि इथे सगळं जगच तोंड बंद करून बसणार, त्यात एक न ऐकणारा माणूस कुणाला ओळखू येणार? वर योगायोग असा की त्या मंडपाचं कापड मुलाच्या वडिलांच्याच दुकानातून गेलं होतं, त्यामुळे त्यांचं सगळं घर पुढच्या रांगांमध्ये बसणार होतं. रघुकाकाने निरोप पोचवला की मुलीकडचे फार भाविक आहेत, मंडपातच पाहून घेऊ. मुलाच्या आईला सत्संगाचं वेड होतं, कुठल्याही धर्माचा चालायचा. तिने आनंदाने होकार दिला.

आप्पांना हे सांगायचं काम माझ्याकडे आलं. त्यांनी साधा प्रश्न विचारला, "घर का नही येतस त्या?" मी ओठांनी सांगितलं, ते लोक फार धार्मिक आहेत, शुभ काम देवाच्या दारातच करतात. आप्पांना ते इतकं आवडलं की त्यांनी शेजारच्या दोघांना सांगितलं. दाढी करून आले, केस कापून आले, लग्नातली टोपी ट्रंकेतून काढून उन्हात ठेवली. मला म्हणाले, "ते बोलतीन तव्हय तू मनापुढे बसजो." मी मान हलवली. तुम्हाला तिथे बोलायलाच लागू नये अशी तजवीज केली आहे, हे मी त्यांना सांगितलं नाही.

निघायच्या दिवशी मायने दशम्या केल्या, ठेचा केला आणि बिबड्यांचा डबा भरला. ज्वारीचे बिबडे, म्हणजे आमच्याकडचे पापड, भाजले की इतके कुरकुरीत होतात की शेजारच्या खोलीतल्या माणसालाही कुणी खातंय ते कळावं. मी म्हटलं, "माय, तिथं शांतता असते." ती म्हणाली, "त्याले काय, भूक शांत राहास का?" रिक्षात आम्ही पाच जण कोंबलो, माय, आप्पा, मी, शांताकाकू आणि ड्रायव्हरच्या शेजारी अर्धा बाहेर लोंबकळणारा रघुकाका, इस्त्री सांभाळत. मग बस. मी मायची मोरपंखी साडी नेसले होते आणि ती सारखी सुटत होती. हायवेला ट्रकांची रांग लागलेली, धूळ, आणि बसमध्ये सगळे उभे. आप्पा एका हाताने दांडी आणि एका हाताने टोपी धरून माझ्याकडे बघून खुशीत हसत होते.

मंडपात लाकडी फळ्यांवर जाजम अंथरलेलं, वर पांढरं-केशरी कापड, दोन्ही बाजूंना माणसाएवढे पंखे, आणि कापडामागे कुठेतरी एक मोठा जनरेटर. चपला बाहेर काढून आत पाऊल ठेवल्याबरोबर आप्पांचा चेहरा फुलला. फळ्या थरथरत होत्या. "खातासारखं वाटस," ते म्हणाले, त्यांच्या नेहमीच्या आवाजात, आणि पन्नास माणसांनी मागे वळून पाहिलं. मायने ओठांनी सांगितलं, गप्प. ती आमच्यापुढच्या रांगेकडे बघून हात जोडत होती. ते तिथे बसले होते, मुलाची आई, वडील आणि तो. काकाने इशाऱ्याने ओळख करून दिली. मुलाच्या वडिलांना मिशा होत्या. साध्यासुध्या नव्हे, वरचा ओठ, खालचा ओठ आणि हनुवटीचा काही भाग यांचा कारभार बघणाऱ्या. आप्पांनी एकदा त्या मिशांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि नुसता नमस्कार केला. माझी मात्र अडचण वेगळी होती. मुलगा पुढे बसलेला, म्हणजे मला दिसत होती ती त्याची पाठ आणि मांडी घालताना मागे आलेला एक पाय. मोज्याला टाचेवर भोक होतं आणि त्यातून टाच बाहेर डोकावत होती. मी माझा नवरा पहिल्यांदा टाचेकडून पाहिला. आजही भांडण झालं की मी म्हणते, तेव्हाच कळायला हवं होतं.

लामा आले. वयस्कर, गुबगुबीत, चालताना दोन्ही बाजूंनी दोघांनी धरलेले. आसनावर बसल्याबसल्या त्यांनी आपला पायघोळ झगा सारखा केला, समोरच्या गर्दीकडे पाहिलं आणि एकदम खुदकन हसले, शेंगदाणे चोरणाऱ्या मुलासारखे. ते त्यांच्या भाषेत बोलायचे आणि शेजारी बसलेला चष्मेवाला तरुण भिक्षू हिंदीत सांगायचा. ते बरंच बोलायचे, हा थोडंच सांगायचा. मला तो एकदम आपला वाटला, माझ्याच धंद्यातला माणूस होता तो. आप्पांना हिंदी ओठ वाचता येत, पण भिक्षूसमोर माइकचं जाडं बोंड होतं, ओठ दिसत नव्हते. म्हणून त्यांनी लामांकडेच बघायला सुरुवात केली. आणि मग अशी पंचाईत झाली की लामा हसले की आप्पा त्यांच्याबरोबर हसायचे. सगळा मंडप गंभीर, भाषांतर अजून यायचं आहे, आणि पाचव्या रांगेत आप्पा खो खो हसताहेत. मग भिक्षूने हिंदीत सांगितलं की मंडप हसायचा, तोपर्यंत आप्पांचं हसून झालेलं असायचं आणि ते टोपी सारखी करत बसलेले असायचे. मुलाच्या आईने कौतुकाने मागे वळून पाहिलं. तिला वाटलं, मुलीच्या बापाला ती डोंगरातली भाषा येते! रघुकाकाने डोळ्यांनीच हो म्हटलं. अशा रीतीने अर्धा तास आमचं घर विद्वान होतं.

प्रवचनातलं मला एवढंच आठवतं. लामा म्हणाले, तुमच्यापैकी पुष्कळजण माझं ऐकायला आलेले नाहीत. कुणी सावलीसाठी आलंय, कुणी शेजारीण आली म्हणून आलंय, कुणी मनात काही बेत घेऊन आलंय. काही हरकत नाही. जे घेऊन आलात ते टाकून द्या असं मी म्हणत नाही. थोडा वेळ मांडीवर ठेवा आणि त्याच्याकडे बघा. मायने चटकन बिबड्यांचा डबा मांडीवर घेतला. मी माझ्या मांडीकडे पाहिलं, तिथे मोरपंखी साडीच्या निऱ्यांशिवाय काही नव्हतं, आणि तरी मला ते ओझं उचलवेना. आप्पा माझ्या शेजारीच बसले होते, गुडघ्याला गुडघा लागेल इतके जवळ. मला वाटलं, आत्ता ओठांनी सांगून टाकावं. पण पुढची ती टाच हलली आणि माझं लक्ष तिकडे गेलं.

मग ध्यान. भिक्षू म्हणाला, आता सगळ्यांनी डोळे मिटावे, श्वासाकडे बघावं, पूर्ण शांतता व्हावी म्हणून आम्ही पंखे आणि जनरेटरही बंद करतो आहोत. आप्पांना हे कळलं नाही. त्यांनी बाकीच्यांचं बघून डोळे मिटले. हजारो माणसांनी श्वास आत घेतला. मागे कुठेतरी कुणी खटका ओढला, आणि जमिनीतली थरथर विझली.

ते दृश्य मी कितीतरी वेळा आठवलं आहे आणि दर वेळी आधी हसू येतं. आप्पा ताडकन उभे राहिले. झोपेतून उठलेल्या माणसाचे डोळे, टोपी एका कानावर, आणि पंचवीस वर्षं लूमशी झगडून कमावलेला तो आवाज: "लाइट गयी रे! लाइट गयी!" मंडपाच्या पार मागच्या कापडाला जाऊन तो आवाज धडकला आणि परत आला. एक लहान मूल रडायला लागलं. कुठल्याशा कोपऱ्यातून, नक्कीच लिंबायतचा असणार, एक गडी झोपेतच म्हणाला, "कब आयेगी?" मायने त्यांचा सदरा खाली ओढला, "बठा, बठा खाल्ले!" पण तिच्या मांडीवरचा डबा कलंडला आणि बिबडे जाजमावर पसरले, आणि आप्पा दरवाज्याकडे निघायला म्हणून जे पाऊल टाकायला गेले ते नेमकं त्यांच्यावर. त्या शांततेत त्याचा जो आवाज झाला तो मी शब्दांत लिहू शकत नाही.

लामांनी डोळे उघडले. भिक्षूकडे वळून काहीतरी विचारलं. भिक्षूने कानाशी लागून सांगितलं. लामा असे हसायला लागले की त्यांचं सगळं अंग गदगदायला लागलं, डोळ्यांतून पाणी आलं, ते झग्याच्या टोकाने पुसलं. मग थेट आप्पांकडे बघून, हाताने खाली बसायची खूण करत, काहीतरी म्हणाले. भिक्षू म्हणाला, "गुरुजी म्हणतात, हो, गेली आहे. बसा. आमच्या डोंगरात तर रोज जाते." सगळा मंडप हसला. आणि आप्पाही हसले, आपल्याला कुणीतरी काहीतरी आपुलकीचं म्हणालं एवढं त्यांना कळलं होतं. ते हात जोडून खाली बसले. पुढच्या रांगेतला तो मागे वळला होता. त्याचा चेहरा मी तेव्हा पहिल्यांदा बघितला, हसू दाबून लाल झालेला, आणि चांगला होता. मिशी नव्हती.

चपलांच्या ढिगाशी मुलाच्या आईने आम्हाला गाठलं. गोड बाई, पण विचारायचं ते विचारणारी. "काय हो वहिनी, यांना ऐकायला येत नाही का?" माय म्हणाली, "नाही नाही, तसं काही नाही. आजच जरा सर्दी झालीय, कानांना दडे बसलेत." आप्पा चपला शोधता शोधता थांबले. मायचे ओठ त्यांना लांबून, अंधारात, आजारपणात, कसेही वाचता येत. "सर्दी?" ते म्हणाले. "कोनले? माले?" आणि त्यांनी मायकडे पाहिलं, काकाकडे पाहिलं, शेवटी माझ्याकडे पाहिलं. बसमध्ये जागा मिळाली तरी बसले नाहीत. घरी आल्यावर जेवून, हात धुऊन, पंच्याला पुसता पुसता ते ओठांनी म्हणाले, आवाज न काढता, म्हणजे शेजाऱ्यांना कळू नये म्हणून: "तुम्ही माले दपाडं?" लपवलंत मला? माय रडायला लागली. "पोरीनं लगीन करनं शे का नही?" आप्पा तिच्या तोंडाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "करनं शे ना. मंग सांगाले पाहिजे व्हतं. मी सवताच दपी जातू."

सुट्टीच्या दिवशी त्यांनी टोपी घातली आणि मला म्हणाले, चल. मुलीने आपण होऊन मुलाच्या घरी जायचं, हे आमच्यात कुणी ऐकलेलं नव्हतं. पण मिशांशी बोलायचं तर माझ्यावाचून इलाज नव्हता. पर्वत पाटियाचा तो फ्लॅट, काचेचा टीपॉय, त्यावर खमण आणि शेव. "आवो, बेसो," मुलाची आई म्हणाली, आणि माझ्याकडे बघून कोड्यात पडली, हिला पाहुणी म्हणून बसवावं की मुलगी म्हणून आत न्यावं? मी आप्पांच्या पुढ्यात, जमिनीवर, त्यांच्याकडे तोंड करून बसले. आप्पा म्हणाले, "मी बहिरा शे. सर्दी नही व्हयनी माले. लूमनी कान लई गयी. ही मनी आंडेर, मनी पोर, हिले ऐकू येस, दुप्पट येस. जे इचारनं ते इचारा." मग जे सुरू झालं ते आठवून आम्ही नवरा-बायको अजून हसतो. मुलाची आई म्हणाली, मुलीला पुरणाचे मांडे येतात का विचार. मी आप्पांना विचारलं, मला मांडे येतात का? आप्पा म्हणाले, "फाटतस, पन गोड ऱ्हातस." मी म्हटलं, वडील म्हणताहेत, येतात. मुलगी रागीट आहे का? आप्पांनी इतका वेळ विचार केला की मीच नाही म्हणून टाकलं. दाराशी उभा असलेला तो तोंडावर हात घेऊन आत पळाला.

मग मुलाचे वडील बोलले. मिशांमागून, सावकाश, समजुतीच्या सुरात. मुलगी आम्हाला पसंत आहे. तुझ्या वडिलांबद्दल आदर आहे, मीही लूमवर उभा राहिलोय. पण साखरपुड्याला मार्केटची माणसं येणार, परवाचं मंडपातलं त्यांच्यापैकी काहींनी पाहिलंय, हसताहेत. तेव्हा पाटावर तुझ्या काकांना बसव. वडिलांनी मागे बसावं. नीट सांग त्यांना, वाईट वाटू देऊ नको.

आप्पा माझ्या तोंडाकडे बघत होते. मी ओठांनी म्हटलं, ते म्हणताहेत, मुलगी पसंत आहे.

"इतलं बोलना तो," आप्पा म्हणाले, "आनि इतलंच?"

मी म्हटलं, बाकीचं मार्केटचं सांगत होते.

ते माझ्या तोंडाकडे आणखी थोडा वेळ बघत राहिले. मला दात आले तेव्हापासून ते हे तोंड वाचत होते. मग मिशांकडे वळून, मोठ्याने, हसत म्हणाले, "एक सांगनं राह्यनं. पाटवर मना भाऊ बसी. माले बामनना मंतर कोठे ऐकू येतस? मी आपला जेवनावळना बंदोबस्त पाही." मुलाचे वडील खूश झाले. मला म्हणाले, "पाहा, किती समजदार माणूस. तू उगाच घाबरत होतीस." मी खमणाचा तुकडा तोंडात टाकला, कारण रिकाम्या तोंडाने आप्पांकडे बघायची सोय उरली नव्हती.

साखरपुडा लिंबायतच्या वाडीत, म्हणजे तिथल्या लग्नाच्या हॉलमध्ये, झाला. मी पाटावर, मोरपंखी नव्हे, नवी साडी. भटजींनी विचारलं, मुलीचे वडील कोण, या पुढे. रघुकाका इस्त्रीच्या शर्टात पुढे आला. आप्पा पार मागे, जिथे भाताची पातेली ठेवली होती, तिथे हातात झारा घेऊन उभे होते. मधे मार्केटची माणसं, मायच्या मैत्रिणी, शांताकाकू, पोरं. बारा लूम ओलांडून वाचणाऱ्या माणसाला हे अंतर काहीच नव्हतं. मी मान वर केली आणि ओठांनी म्हटलं, आप्पा, या. त्यांनी पाहिलं. मी पुन्हा म्हटलं, तोंड मोठं उघडून, सावकाश: तुम्ही या. तुम्ही बसा.

आप्पांनी डोळे मिटून घेतले. झारा तसाच हातात, ओठांवर हसू, आणि डोळे घट्ट मिटलेले. भटजींनी सुपारी हातात देईपर्यंत त्यांनी ते उघडले नाहीत.

त्यांनी माझी हाक ऐकायचं नाकारलं, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आले. मी हाक मारली होती, माझ्याकडून झालं. पण ती हाक मी बिनआवाजाची मारली होती. गळ्यातून आवाज काढून मारली असती, तर आप्पांना ती ऐकू गेली नसती, बाकी सगळ्या वाडीला गेली असती. मार्केटच्या माणसांनी माना वळवल्या असत्या, भटजी थांबले असते, कुणालातरी आप्पांना हाताला धरून पुढे आणावंच लागलं असतं. हे मला तेव्हा, तिथे, पाटावर बसल्याबसल्या कळत होतं. म्हणूनच मी आवाज काढला नाही.